खडपावरचा काळा पट्टा: समुद्रकाठची लायकेन ओळखायला पुण्यातून सुरुवात कशी करावी

पहिल्यांदा मी लायकेन, म्हणजे मसाल्यातल्या दगडफुलासारखे दगडांवर आणि झाडांवर वाढणारे जीव, बघायला म्हणून अलिबागला गेले ती अमावास्या होती, आणि किनाऱ्यावर पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. कोकणातल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही. उधाणाची भरती टोकाला आलेली, कुलाबा किल्ल्याकडे जायची वाट पाण्याखाली, आणि मला जे खडक बघायचे होते त्यातला एकही दिसत नव्हता. दुसऱ्यांदा तिथी बघून गेले. खडक मिळाले, सकाळभर फोटो काढले. घरी येऊन ते मोठ्या पडद्यावर बघितले तेव्हा कळलं, की ज्याला मी लायकेन समजून टिपलं त्यातलं बरंचसं लायकेन नव्हतंच.

त्या दोन फेऱ्या तुमच्या वाचाव्यात म्हणून हे लिहिते आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी नसली तरी चालेल, फक्त एका दगडापाशी अर्धा तास बसायची तयारी हवी. आणि आधीच सांगते, समुद्रकाठच्या लायकेनची नजर समुद्रावर तयार होत नाही. ती घराच्या आसपास, पुण्यातच तयार होते. दोन महिने इथे द्या, मग ताम्हिणी घाट उतरून कोकणात जा.

सुरुवात बशीत

मंडईच्या बाजूच्या कुठल्याही मसाल्याच्या दुकानातून थोडंसं दगडफूल आणा. गोड्या मसाल्यात घालतो तेच. आपल्यापैकी बहुतेकांनी लायकेन आयुष्यभर खाल्लेलं असतं आणि ते कधी नीट बघितलेलं नसतं. पांढऱ्या बशीत चार-पाच तुकडे पसरा आणि भिंग लावा. सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. ते डोळ्याला चिकटवून धरायचं आणि वस्तू भिंगाजवळ न्यायची. पुष्कळ जण उलटं करतात, भिंग वस्तूवर धरून लांबून बघतात, आणि मग काहीच दिसत नाही म्हणतात.

वरची बाजू राखाडी, खालची काळी, कडा लाटेसारख्या वळलेल्या. खालच्या काळ्या बाजूवर मधल्या भागात बारीक केसांसारखे धागे दिसतील. ती मुळं नव्हेत. लायकेन त्यांच्यातून अन्न-पाणी ओढत नाही, त्यांनी फक्त सालीला धरून ठेवतं. तुकडा मधोमध मोडा आणि मोडलेली कड भिंगाखाली धरा. वर एक पातळ थर, त्याखाली, माल ताजा असेल तर, हिरवट रेघ, आणि त्याखाली पांढरं कापसासारखं काहीतरी. पांढरं ते कवकाचं जाळं, हिरवं ते त्यात राहणारं शैवाल. शैवाल उन्हावर साखर तयार करतं, कवक त्याला घर देतं, ओल धरून ठेवतं आणि त्या साखरेवर जगतं. मराठीत लायकेनला शैवाक म्हणतात. शैवाल आणि कवक एका शब्दात बसवणारं हे नाव मला फार आवडतं, कारण व्याख्या नावातच आहे. हे दोन जीव आहेत असं स्वित्झर्लंडच्या सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६०च्या दशकात मांडलं, तेव्हा त्या काळच्या मोठ्या लायकेन-अभ्यासकांनी ते धुडकावून लावलं होतं. आता शाळेच्या पुस्तकात असतं.

काही लायकेनमध्ये हिरव्या शैवालाऐवजी नील-हरित शैवाल, म्हणजे सायनोबॅक्टेरिया असतात. हे लक्षात ठेवा, समुद्रावर उपयोगी पडेल.

रूपं ढोबळमानाने तीन. दगडाला किंवा सालीला रंग फासल्यासारखं चिकटलेलं, नखाने उचलता न येणारं ते पापुद्र्याचं. दगडफुलासारखं, कड उचलता येते ते पानासारखं. आणि एकाच बिंदूला धरून लोंबणारं किंवा उभं राहणारं ते झुडपासारखं. समुद्राच्या पाण्याजवळ तुम्हाला मुख्यतः पहिलं रूप भेटणार आहे आणि नेमकं तेच ओळखायला सगळ्यांत अवघड आहे.

सोसायटीची भिंत

पाऊस संपला की पुण्यातल्या जुन्या कंपाउंड भिंतींवर काळी झाक राहते. वरून पाणी ओघळतं तिथे काळे ओघळ, पन्हाळीखाली तर काळा पट्टाच. लोक त्याला बुरशी म्हणतात, मळ म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी सायनोबॅक्टेरियांची साय असते. तिच्यासमोर एक सकाळ घालवा, कारण कोकणातल्या खडकावर भरतीच्या रेषेच्या वर जो काळा पट्टा दिसतो, त्यातला मोठा भाग अशाच सायीचा असतो. मी दुसऱ्या फेरीत फसले ती इथेच.

कुंड्यांना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घ्या. कोरडी काळी जागा आधी बघा, मग भिजवा आणि दोन मिनिटं थांबा. साय असेल तर बोटाला बुळबुळीत लागते, नखाने खरवडलं की काळं-हिरवं काहीतरी नखाशी येतं, आणि त्या काळेपणाला स्वतःची अशी कड नसते. तो पाणी जाईल तिकडे जातो, कडेला विरत जातो. लायकेनला कड असते. एका जागी सुरू होऊन ते बाहेरच्या बाजूला पसरत गेलेलं असतं, म्हणून त्याचा ठिपका गोलसर, आणि दोन ठिपके भेटतात तिथे बऱ्याचदा बारीक रेघ. भिंगाखाली पापुद्र्याला भेगा दिसतात, उन्हाळ्यात सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या. त्या भेगांमधल्या तुकड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे उंचवटे किंवा छिद्रं असतील तर तुम्ही लायकेनच बघताय. ती कवकाची बीजाणू तयार करणारी कुपी.

कड, भेगा, कुपी. या तीन गोष्टी मी नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत.

झाड आणि टेकडी

फवारा हातात आहेच, तर जवळच्या जुन्या आंब्यापाशी जा. विद्यापीठाच्या आवारात, एम्प्रेस गार्डनमध्ये, एखाद्या जुन्या बंगल्याच्या अंगणात, कुठेही. खोडावरचा राखाडी गोल चकता शोधा आणि त्यावर पाणी मारा. मिनिटाभरात तो हिरवा होतो. कोरडा असताना वरचा थर अपारदर्शक असतो, भिजला की पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसायला लागतं. मुलांना हे एकदा दाखवा, ती पुढच्या प्रत्येक झाडावर पाणी मारतात.

गजबजलेल्या रस्त्याकडेच्या झाडांवर लायकेन कमी दिसतील, आणि दिसतील ती दोन-तीन काटक जातींची. हवेतला सल्फर डायऑक्साइड बहुतेक लायकेनना सोसत नाही. त्यांना मुळं नाहीत, त्यामुळे हवेत आणि पावसात जे असेल ते सगळ्या अंगानं शोषलं जातं. म्हणून सुरुवात मोठ्या आवारातल्या झाडांपासून केलेली बरी.

नंतर वेताळ टेकडी. तिथला दगड काळा बेसाल्ट, आणि उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरचा दगडही बेसाल्टच. पाण्याजवळच्या खडकावर पापुद्रा कसा दिसेल याची इतकी चांगली तालीम पुण्यात दुसरीकडे होणार नाही. उघड्या पडलेल्या खडकाची उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू शेजारी-शेजारी बघा. पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे डाग, दगडाचेच पांढरे खनिज-ठिपके आणि पांढरट लायकेन यांतला फरक इथेच करून घ्या. विष्ठा ओघळलेली असते आणि पाण्याने विरघळते, खनिज दगडाच्या आत असतं आणि त्याला पृष्ठभागाच्या वर उंची नसते. सिंहगडावर गेलात तर हाच अभ्यास अधिक ओल्या हवेत करता येतो.

या दोन महिन्यांत एक सवय लावा. प्रत्येक लायकेनचे तीन फोटो: एक लांबून, संपूर्ण दगड किंवा झाड दिसेल असा, दुसरा जवळून, बाजूला नाणं ठेवून, आणि तिसरा भिंगातून, मोबाईलचा कॅमेरा भिंगाला टेकवून. पहिला फोटो सगळे विसरतात. पण तो नसेल तर सहा महिन्यांनी तो ठिपका कुठल्या बाजूचा, किती उंचीवरचा, काहीच सांगता येत नाही.

समुद्रावर राहायला काय लागतं

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. लाट खडकावर येते, पाणी राहतं, ऊन ते वाळवतं, मीठ मागे उरतं. थोड्या वेळाने पुन्हा लाट. जूनमध्ये त्याच खडकावर दिवसच्या दिवस गोड पाणी कोसळतं. म्हणजे त्याच पापुद्र्याला मिठाच्या थराखाली जगता यायला हवं आणि पावसाच्या पाण्यातही. साधी पेशी खारट पाण्यात आक्रसते आणि गोड्या पाण्यात फुगते. लायकेनमधले शैवाल आणि कवक साखरेच्या जातीची काही अल्कोहोलं साठवतात, रिबिटॉल, मॅनिटॉल अशी. त्यांच्यामुळे आतला-बाहेरचा दाब सांभाळला जातो आणि वाळल्यावरही पेशींचे पडदे फाटत नाहीत. वरून लाटांचा मार, आणि दगड खरवडून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी. अशा ठिकाणी दगडाला घट्ट चिकटून राहणारा पातळ पापुद्राच टिकतो, पानासारखं काही टिकत नाही.

जगात लायकेनच्या सुमारे २० हजार जाती आहेत आणि भारतात नोंदलेल्या अडीच हजारांहून अधिक. त्यांतल्या अगदी थोड्या समुद्राच्या पाण्याशी रोजचा संबंध ठेवतात.

इंटरनेटवर शोधाल तर युरोपच्या, विशेषतः ब्रिटनच्या किनाऱ्यांची चित्रं सापडतील: खाली काळा पट्टा, त्यावर भडक नारिंगी, त्यावर राखाडी. काळा पट्टा हायड्रोपंक्टारिया मौरा या लायकेनचा, जिला आधी व्हेरुकारिया मौरा म्हणत. नारिंगी पट्टा कॅलोप्लाका आणि झँथोरिया यांचा. राखाडीत रामालिनासारखी झुडपी लायकेन. आणि काळ्याच्या खाली, लाटांत, लिकायना नावाचं इवलंसं काळं झुडूप, ज्याच्या आत सायनोबॅक्टेरिया असतात. चित्रं सुंदर आहेत, जरूर बघा. पण तो क्रम जसाच्या तसा कोकणात शोधू नका. ब्रिटनकडे वर्षभर थोडा-थोडा पाऊस, धुकं, मवाळ ऊन. आपल्याकडे चार महिने धो-धो आणि आठ महिने भाजणारा दगड. लायकेनचे ठळक पट्टे थंड आणि समशीतोष्ण किनाऱ्यांवर चांगले माजतात, उष्ण किनाऱ्यावर ते तुटक होतात आणि त्यांची जागा बऱ्याच प्रमाणात सायनोबॅक्टेरियांची साय घेते. नारिंगी रंग नाही म्हणून निराश होऊन परतलेली माणसं मला ठाऊक आहेत. आपल्या किनाऱ्याला दुसऱ्याच्या किनाऱ्याच्या मापाने मोजलं की असं होतं.

तिथी × पाऊण

निघण्याआधी सगळ्यांत महत्त्वाचं काम कालनिर्णय उघडून करायचं. भरतीच्या वेळेचा जुना ठोकताळा आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचार आणि दुपारी चारच्या सुमारास भरती. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, त्यामुळे ओहोटी त्यांच्या मधोमध, सकाळी दहाच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून एक धरून मोजायचं. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. मी पहिल्यांदा बारा वाजता का फसले ते आता दिसेल.

हिशेब मुंबई-अलिबागच्या बाजूचा आहे, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, आणि अर्ध्या-पाऊण तासाचा फरक कुठेही पडू शकतो. म्हणून ठोकताळ्याने दिवस ठरवायचा आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात किंवा ॲपवर पक्की करायची.

उधाणाला पाणी सगळ्यांत जास्त ओसरतं, पण तेव्हा ओहोटी पहाटे-संध्याकाळी सहाच्या आसपास येते, म्हणजे उजेड अपुरा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत कमी असतो तेव्हा, ओहोटी भर दुपारी, पण पाणी फारसं उतरत नाही आणि दगड तापलेला असतो. माझ्या मते तृतीया ते पंचमी सगळ्यांत बरी. ओहोटी साडेआठ ते दहा, ऊन तिरकं, दगडावरच्या भेगा आणि उंचवटे सावल्यांमुळे उठून दिसतात. लायकेन पाण्याच्या वरच्या भागातच असल्यामुळे अगदी तळापर्यंत ओहोटीची आपल्याला गरजही नाही. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर खडपांत, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, जाऊच नका.

कुलाबा किल्ल्याची भिंत

पहिल्या फेरीसाठी मी हरिहरेश्वराऐवजी अलिबाग सुचवते. हरिहरेश्वरचा खडक जास्त देखणा आहे, लाटांनी कोरलेला, पण तिथली प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच सुरक्षित असते आणि दगड बघता बघता वेळेचं भान सुटतं. नवख्याने तिथे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, माहीतगार सोबत घेऊन जावं.

कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. त्याच्या तटाचे मोठाले दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत, लाटेचं पाणी फटींतून शिरून निघून जावं म्हणून. आपल्या दृष्टीने ही भिंत म्हणजे उभी मोजपट्टी. नैसर्गिक खडक तिरका, ओबडधोबड असतो, त्यावर पट्टे मिसळतात. उभ्या तटावर ते एकावर एक रचलेले दिसतात.

खालून वर वाचत जा. तळाशी हिरवं शेवाळ आणि कालवं. कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात, उघड्या पायाने किंवा साध्या चपलेने जाऊ नका, जाड तळव्याचे, घट्ट बसणारे बूट हवेत. त्यावर बार्नेकलची, म्हणजे खडकाला कायमच्या चिकटलेल्या इवल्या कवचधारी जिवांची, पांढरी खरखरीत गर्दी. त्यांच्या वर, फटींत दबा धरून बसलेल्या मिरीएवढ्या गोगलगायी. आणि तिथून काळं सुरू होतं.

बार्नेकलची गर्दी जिथे संपते ती रेषा तुमची शून्य रेषा माना. तिथून वर किती वीत, हे प्रत्येक नोंदीत लिहा. टेप असेल तर उत्तम, पण वीत नेहमी बरोबर असते. मग तटाच्या समुद्राकडच्या बाजूची आणि किनाऱ्याकडच्या बाजूची तुलना करा. लाटा जोरात आपटतात तिथे तुषार वरपर्यंत उडतात, म्हणून सगळे पट्टे वर सरकतात आणि रुंद होतात. आडोशाच्या बाजूला तेच पट्टे खाली आणि अरुंद. एकच दगड, एकच समुद्र, फक्त लाटेच्या माराचा फरक, आणि तो भिंतीवर लिहिलेला दिसतो. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती उभी होते.

आता काळ्या पट्ट्यापाशी बसा आणि पुण्यातल्या भिंतीवर केलं तेच करा. इथे तिसरी शक्यताही आहे: डांबर. पावसाळ्याच्या आसपास आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तेलाचे डांबरगोळे वाहून येतात आणि खडकांना चिकटतात. डांबर उन्हात मऊ पडतं, वास येतो, बोटाला चिकटतं, आणि खडकावर आडव्या पट्ट्याऐवजी आपटल्यासारखं, कुठेतरी जाड कुठेतरी नाही असं असतं. ब्रिटनमध्ये उलटी चूक होते, तिथल्या काळ्या लायकेनला लोक तेलगळती समजतात. थोडक्यात, चिकटतं ते डांबर, बुळबुळतं आणि विरतं ती साय, आणि जे कोरडं, दगडाला एकजीव, कड-भेगा-कुपी असलेलं आहे ते लायकेन. भिजवून बघायचं तर बाटलीत समुद्राचंच पाणी भरून घ्या. तिथल्या जिवांवर नळाचं पाणी मारू नका.

बार्नेकल आणि इतर कवचांवरही भिंग फिरवा. जगातल्या अनेक किनाऱ्यांवर कोलेमोप्सिडियम गटातली लायकेन जिवंत बार्नेकलच्या कवचावर राहतात, आणि दिसतात ते फक्त पेनाने टिंबं दिल्यासारखे काळे ठिपके. अशी टिंबं दिसली तर फोटो नक्की घ्या.

काळ्याच्या वर बराचसा दगड उघडा, भाजलेला दिसेल. त्याच्या वर, तुषार कधीमधी पोचतात त्या उंचीवर, राखाडी-पांढरट पापुद्रे. हे ओळखीचे वाटतील, वेताळ टेकडीची तालीम इथे कामाला येते. उत्तरेकडच्या आणि सावलीतल्या दगडांवर आधी शोधा.

खरवडायचं नाही, उचलायचं नाही. पापुद्र्याची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या आसपास, कित्येकांची त्याहूनही कमी. तळहाताएवढा ठिपका म्हणजे कुणाचं तरी सबंध आयुष्य. शिवाय किल्ला संरक्षित स्मारक आहे, आणि मालवणसारख्या ठिकाणी १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. पुस्तकांतल्या रासायनिक चाचण्या, म्हणजे पोटॅश किंवा ब्लीचचा थेंब टाकून रंग बघणं, किनाऱ्यावर करू नका. त्या प्रयोगशाळेत, परवानगीने घेतलेल्या नमुन्यावर करायच्या गोष्टी आहेत.

पाण्याकडे पाठ करून बसू नका. एकट्याने जाऊ नका. आणि जिथे जाल तिथे कालवं काढणाऱ्या बायका दिसल्या तर त्यांना विचारा, "मावशी, आज सुकती कधीपर्यंत?" कोकणात बऱ्याच ठिकाणी ओहोटीला सुकती म्हणतात. मला एकदा एका मावशींनी उत्तर दिलं होतं, "त्या दगडाच्या पोटाला पाणी लागलं की उठायचं, बाय, घड्याळ नको बघू." तेव्हापासून बसण्याआधी मी असा एक दगड ठरवून घेते.

संध्याकाळी वाडीत

दुपारी आराम करा. संध्याकाळी एखाद्या नारळाच्या वाडीत, मालकाची परवानगी घेऊन, माडांची खोडं बघा. समुद्राचे तुषार इथे पोचत नाहीत, पण खारं वारं पोचतं. राखाडी, दगडाला नव्हे पण खोडाला घट्ट चिकटलेले गोल चकते भरपूर दिसतील. त्यांत दोन नेहमीचे सोबती आहेत, पिक्झिनी आणि डिरिनारिया, आणि दिवसा ते नवख्याला सारखेच वाटतात.

अंधार पडल्यावर अतिनील टॉर्च लावा, नोटा तपासायला वापरतात तशी. ३६५ नॅनोमीटरची मिळाली तर चांगलं, ३९५ची टॉर्च स्वतःच इतका जांभळा उजेड टाकते की बारीक फरक बुडून जातात. पिक्झिनी कोकोस त्या उजेडात पिवळी चमकते. तिच्या वरच्या थरात लायकेझँथोन नावाचं द्रव्य असतं, त्याची ती चमक. डिरिनारियाचा वरचा थर तसा पिवळा पेटत नाही. एका खोडावर दोन्ही असतील तर काळ्या अंधारात एक चकता पिवळा आणि शेजारचा निस्तेज दिसतो. नावं पाठ करून जे महिनाभर जमत नाही ते इथे एका मिनिटात डोक्यात बसतं. टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारू नका, आणि माडाखाली उभं राहताना वर एकदा बघून घ्या.

किनाऱ्याजवळच्या झाडांवर चामड्याच्या पांढरट-करड्या पट्ट्यांसारखं काही लोंबताना दिसलं तर ती बहुधा रोसेला. रोसेला मॉन्टॅग्नी ही जात भारताच्या किनारपट्टीवर झाडांवर वाढते. याच कुळातल्या लायकेनपासून युरोपात शतकानुशतकं जांभळा रंग काढत, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागद मुळात रोसेलाच्याच रंगाचा.

ताम्हिणीतून परतत असाल तर एक थांबा घ्या. गुळगुळीत सालीच्या झाडांवर पांढरट पापुद्रा आणि त्यावर बारीक काळ्या वळणदार रेघा दिसतील, कुणी मोडीत काहीतरी लिहून ठेवल्यासारख्या. ही ग्राफिडेसी कुळातली लिपी-लायकेन. त्या रेघा म्हणजे पुन्हा बीजाणूंचीच जागा.

घरी आल्यावर

फोटो त्याच रात्री लावून घ्या. प्रत्येकाखाली इतकं लिहा: ठिकाण, तारीख, तिथी, वेळ, दगड कुठला, पृष्ठभाग उभा की आडवा, तोंड कुठल्या दिशेला, शून्य रेषेपासून उंची, आणि शेजारी कोण. नाव लिहायची घाई नको. "काळा पापुद्रा, भेगा स्पष्ट, कुपी दिसतात, शून्य रेषेवर चार वीत" ही नोंद चुकीच्या लॅटिन नावापेक्षा कितीतरी जास्त कामाची असते. पापुद्र्याच्या लायकेनची जात पुष्कळदा बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरते, फोटोवरून ती छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मदत मात्र पुण्यातच आहे. आघारकर संशोधन संस्था १९४६ साली महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीच्या रूपाने सुरू झाली, १९९२मध्ये तिला शं. पु. आघारकरांचं नाव दिलं गेलं. पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा यांच्यासारख्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या लायकेनवर तिथे दीर्घकाळ काम केलं, वर सांगितलेल्या लिपी-लायकेनवर तर विशेष. तिथल्या आजरेकर कवक वनस्पतिसंग्रहात लायकेनचे नमुने जपलेले आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्रही कोरेगाव रस्त्याला आहे. अशा ठिकाणी विचारायचं असेल तर आधी लिहून वेळ मागा, आणि नोंदी वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण करून न्या. अभ्यासक आनंदाने वेळ देतात, पण "हे काय आहे?" एवढ्याच प्रश्नाला एका अस्पष्ट फोटोवर उत्तर नसतं. आपल्या समुद्रकाठच्या लायकेनवर झाडांवरच्या लायकेनच्या मानाने काम थोडं झालं आहे, त्यामुळे नीट ठेवलेली हौशी नोंदसुद्धा कुणाच्या तरी उपयोगाची ठरू शकते. आय-नॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गाच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, टाकलीत तर तिन्ही फोटो टाका.

तटावरचा एखादा दगड निवडून ठेवा, ज्यावर कड स्पष्ट असलेला एकच ठिपका आहे. कुठल्या बुरुजाच्या कुठल्या बाजूला, खालून कितवा थर, हे लिहा आणि नाणं ठेवून समोरून फोटो घ्या. पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर, त्याच तिथीला, त्याच अंतरावरून पुन्हा घ्या. माझ्या एका ठिपक्याचे आता चार फोटो आहेत. तिसऱ्या वर्षी त्याची डावी कड लाटेने किंवा गोगलगायीने खाल्लेली दिसते. चौथ्या वर्षीच्या फोटोत त्या जागी भिंगाखालीच दिसेल असा नवा, पातळ, तपकिरी काठ आहे.